वाजवी म्हणजे किती?

आमच्या धंद्यात एक वाक्य आहे. नवा माणूस खांबावर चढायला महिनाभरात शिकतो, काचेची तार, म्हणजे फायबर, जोडायला सहा महिने घेतो, पण हे वाक्य मात्र पहिल्याच दिवशी त्याच्या तोंडी बसतं. ‘वरूनच प्रॉब्लेम आहे.’ गिऱ्हाईक फोन करून म्हणतं, नेट चालत नाही. आपण म्हणायचं, वरूनच प्रॉब्लेम आहे. वर म्हणजे नेमकं कुठं, हे कुणी विचारत नाही. यवतमाळला, नागपूरला की समुद्राच्या तळाशी, ज्याला जे पटेल ते त्यानं समजावं. मी हे इतक्या वेळा म्हटलं असेल की एकदा भाजीत मीठ जास्त पडलं तेव्हा आमच्या सौ.नीच मला ऐकवलं, आज वरूनच प्रॉब्लेम आहे.

कधीकधी ते खरंही असायचं. दारव्ह्याच्या रस्त्याचं काम चालू असताना जेसीबीनं आमची तार किती वेळा उपटली असेल, ते त्या जेसीबीवाल्यालाच ठाऊक. वानरांचाही आमच्या तारेवर विशेष लोभ. पण बऱ्याच वेळा वर कुणीच नसायचं. वर मी असायचो. बोरी अरबच्या बाजारात, खताच्या दुकानावरच्या खोलीत, लॅपटॉपसमोर.

केबल टीव्हीच्या दिवसांपासून मी या तारांमध्ये आहे. पुढे त्याच खांबांवरून इंटरनेट गेलं आणि केबलवाला मनोहर एका रात्रीत ब्रॉडबँडवाले मनोहरभाऊ झाला. कंपनी आपल्या जिल्ह्यातलीच, शेठ यवतमाळला बसत. कंपनीचं नाव लिहीत नाही. शेठ अजून ठणठणीत आहेत आणि दिवाळीला आमच्याकडे त्यांचा फराळाचा डबा येतो. गुडघ्यांनी खांबाला नकार दिला म्हणून मागच्या वर्षी मी काम सोडलं. आता लिहायला मोकळा आहे.

बाहेरच्या माणसासाठी आधी धंदा सांगतो. आमच्यासारखा छोटा कंपनीवाला मोठ्या कंपनीकडून नेट ठोक घेतो आणि घरोघरी किरकोळ विकतो. ठोक जेवढं घेतलं, त्याच्या कितीतरी पट विकलेलं असतं. ही काही लबाडी नाही, सगळं जग असंच चालतं. लग्नात पाचशे पत्रिका वाटल्या तरी आचारी साडेतीनशेच पानांचा स्वयंपाक करतो, कारण सगळे येत नाहीत हे त्याला माहीत असतं. आमच्याकडेही सगळे एकाच वेळी बसत नाहीत. पंचाईत होते ती संध्याकाळी सात ते दहा. तेव्हा पाचशेच्या पाचशे पानावर येऊन बसतात, वर प्रत्येकाला जिलेबी हवी असते.

मग करायचं काय? ठोक माल वाढवायचा, तर शेठ म्हणत पुढच्या महिन्यात बघू. दुसरा उपाय सोपा. जो जास्त जेवतो, त्याचं ताट लहान करायचं. आमच्या बोलीत त्याला ‘दाबणं’ म्हणतात. लॅपटॉपवर सगळ्या गिऱ्हाइकांची यादी दिसते, कोण किती खेचतो ते दिसतं. नावावर बोट ठेवायचं, स्पीड पन्नासच्या जागी दोन करायचा, सेव्ह. कपातला चहा निवायच्या आत माणूस दाबला जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही. त्याला एवढंच दिसतं की पडद्यावर गोल चकरी फिरते आहे.

आमच्या जाहिरातीवर मोठ्या अक्षरांत ‘अनलिमिटेड’ असं छापलेलं असायचं. फॉर्मच्या मागच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत अकरावं कलम होतं. कंपनीच्या धोरणानुसार वाजवी वापर अपेक्षित. ते धोरण काय, हे मी शेठना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, अरे, धोरण म्हणजे तू बघून घे. म्हणजे बोरी अरब आणि आसपासच्या बारा गावांत वाजवी म्हणजे मी. माझ्या मनाला वाटलं जास्त, तर ते जास्त.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाचा पोरगा पुण्याहून परत आला, कुणाकडे नवा टीव्ही आला, हे मला त्यांच्या शेजाऱ्यांच्या आधी कळे. आणि न्याय करायला मला कायदा लागत नसे. दाबायचे कोण, हे आपोआप ठरून गेलेलं होतं. पोलीस ठाणं, तहसीलचे बाबू, एक वार्ताहर आणि एक वकीलसाहेब, यांना हात लावायचा नाही. वकीलसाहेब तर एकटेच चार घरांचं खेचत. पण त्यांचं नेट पाच मिनिटं अडखळलं की नोटिशीचा कागद यायचा. जो आवाज करतो त्याला सोडायचं आणि जो ‘भाऊ, जरा पाहता का’ असं म्हणून गप्प बसतो त्याला दाबायचं, इतकी साधी गोष्ट होती. साधी होती म्हणूनच मला कधी टोचली नाही.

एक निवृत्त पोस्टमास्तर होते. फार सज्जन माणूस. त्यांना दाबलं की ते फोन करत आणि मी नेहमीप्रमाणे सांगे, राउटर बंद करून पुन्हा चालू करा. ते राउटरकडे जात, तेवढ्यात मी इकडून सोडून देई. नेट धावायला लागे. तासाभरानं पुन्हा दाबत असे. त्यामुळे बंद-चालू करण्यावर त्यांचा जबरदस्त विश्वास बसला. पुढे पुढे ते रोज संध्याकाळी दिवा लावताना आधी राउटर बंद-चालू करत आणि मग हात जोडत. ओळखीच्यांनाही तोच उपाय सांगत. याचं मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही.

आता तांड्याची गोष्ट सांगतो. हे लिहायला बसलो ते तेवढ्यासाठीच.

बोरीपासून तीनेक किलोमीटरवर टेकडीमागे एक बंजारा तांडा आहे. पन्नास-साठ घरं. टेकडी आडवी येते म्हणून मोबाईलला रेंज नाही, बोलायचं तर माणसानं टेकडीवर चढावं. तिथे मी स्वतः तार नेली. सोळा खांब, मध्ये एक नाला, आणि नाल्यावर खांब उभा राहत नव्हता म्हणून बाभळीच्या दोन खोडांना ताण देऊन तार ओढली. पुढे दोन पुरांत ती टिकली. माझ्या कामाचा नमुना कुणाला बघायचा असेल तर ती तार अजून तिथे आहे. कनेक्शन एकच, नायकाच्या घरी. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. रामधन नायक, सत्तरीचे, पांढरा फेटा, बोलणं कमी.

ते कनेक्शन वर्षभर नीट चाललं. मग एका पावसाळ्यानंतर माझ्या यादीत ते एकदम वर आलं. घर एक आणि त्यावर मोबाईल एकेचाळीस. त्यातून दुपारच्या वेळी माल उलटा जायचा. म्हणजे घरी येण्याऐवजी घरातून बाहेर. साधा माणूस नेटवरून घेतो, पाठवत नाही. मी एकच अर्थ काढला. नायकाचा पोरगा आपलं कनेक्शन घरोघरी विकतो आहे, आणि कॅमेरे लावून आणखी काही भानगड चालली आहे. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठा गुन्हा नाही. विचारायला गेलो नाही. विचारलं तर सावध होतील असं वाटलं. पन्नासचं दोन केलं आणि तसंच ठेवलं.

पंधरा दिवसांनी, एका सोमवारी, नायकाची सून ऑफिसात आली. सुनीता. बारावी शिकलेली, पाठीवर पदर, हातात मोबाईल. तिनं शांतपणे सगळं सांगितलं. तांड्यातल्या नऊ बाया कशिदा करतात. आरसे आणि कवड्या लावलेलं ते बंजारा भरतकाम, पिशव्या, उशांचे अभ्रे, पट्ट्या. दुपारी कामं आटोपली की त्या नायकाच्या ओसरीवर बसतात आणि सुनीता मोबाईलवरून त्यांचं काम थेट दाखवते. पुण्याच्या एका दुकानाच्या मॅडमनी ते पाहिलं आणि मोठं काम द्यायचं कबूल केलं. पण एक अट घातली. बाजारात मशीनचं काम हाताचं म्हणून खपवतात, त्यामुळे बुधवारी दुपारी नऊही जणींनी कॅमेऱ्यासमोर बसून टाका घालून दाखवायचा. टाका दिसला पाहिजे. काम मिळालं तर नऊ बाया यंदा ऊसतोडीला जाणार नव्हत्या. नाही तर आठवडाअखेर मुकादमाची गाडी येणारच होती. इथून दिवाळीच्या सुमारास गेलेलं माणूस उन्हाळ्यातच परत दिसतं.

“भाऊ, बुधवारपुरतं तरी नीट करून द्या. पंध्रा दिवस झाले, चेहराबी साजरा दिसून नाही राह्यला,” ती म्हणाली. आमच्याकडे साजरा म्हणजे नीट, छान.

माझ्या समोर लॅपटॉप उघडा होता. त्यांचं नाव तिसऱ्या ओळीत होतं, पुढे दोनचा आकडा; तिनंही तो पाहिला हे मला नंतर कळलं. आणि माझ्या मनात काय आलं, तर एवढंच की चोरी करतात आणि वर गोष्ट रचून आणतात. मी तिला सांगितलं, ताई, वरूनच प्रॉब्लेम आहे, दोन दिवसांत होईल. ती हो म्हणाली, पाणी प्यायली आणि तीन किलोमीटर चालत गेली.

बुधवारी दुपारी चाराला मी पॅनलवर, म्हणजे लॅपटॉपवरच्या त्या यादीत, पाहिलं तर नायकाच्या घरून माल बाहेर जायला धडपडत होता. दोनच्या नळीतून पन्नासचं पाणी. मी चहा मागवला.

शुक्रवारी सुनीता परत आली. यावेळी तिनं तक्रार केली नाही. सासऱ्यांचा निरोप आणला होता. रविवारी सकाळी तांड्यात नसाब बसणार आहे, मनोहरभाऊंनी यावं. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत, भांडण-तंटा मिटवायची बैठक. मला वाटलं, पोरगा पकडला गेला असणार आणि मला साक्षीला बोलावत असतील. मी मनातून खूशच झालो. बुधवारचं काय झालं, असं मी विचारलं. ती म्हणाली, झालं ते झालं, रविवारी या.

रविवारी पेटी, जोडणीचं मशीन आणि लॅपटॉप गाडीला बांधून गेलो. तांड्यात शिरताना पहिली गोष्ट दिसली ती तीन घरांना लागलेली कुलपं. आदल्या दिवशी मुकादमाची गाडी येऊन गेली होती. देवळासमोरच्या लिंबाखाली माणसं बसली होती, बाया एका बाजूला. मला सतरंजीवर मध्ये जागा दिली, पाणी दिलं, चहा दिला. चहा पिऊन झाला. मग रामधन नायक बोलले.

“मनोहर, आमच्या नसाबेत एक रीत हाये. कोणाले दंड करायचा तं आधी त्याले त्याचा गुन्हा सांगायचा, सगळ्याइसमोर. मंग त्याचं आयकायचं. मंग दंड. आमाले दंड झाला हाये, हे सून म्हणते. आमचा गुन्हा काय ते सांग.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की खटला माझा आहे.

मी गडबडलो नाही. उलट आवाज चढवूनच सांगितलं की कनेक्शन एका घराचं आहे आणि त्यावर एकेचाळीस मोबाईल चालतात, नेट विकणं हा गुन्हा आहे. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एक म्हातारी हसली. नायकांनी ओसरीकडे बोट दाखवलं. नायकाच्या घराच्या भिंतीवर, दाराच्या बाजूला, खडूनं मोठ्या अक्षरांत पासवर्ड लिहिलेला होता. शाळेच्या पाटीवर लिहावा तसा. कुणीही यावं, वाचावं.

“इकून नाही राह्यलो,” नायक म्हणाले. “नायकाच्या घरी जे येते ते तांड्याचं असते. पाणी आलं तं तांड्याचं, सरकारचा कागद आला तं तांड्याचा. मी हे दाराआड ठेवलं असतं तं मले नायक कोण म्हणलं असतं?”

चोर कधी चोरीचा पत्ता भिंतीवर लिहीत नाही. वर्षभर मी त्या घरी जात होतो, दोनदा राउटर बदलला होता, आणि ती भिंत मला कधी दिसली नव्हती. एवढ्या लांबून यादीतला आकडा मात्र दिसला.

तरीही मी फॉर्म काढला. अकरावं कलम दाखवलं. सुनीतानं ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि आपल्या गोरबोलीत समजावून सांगितलं. नायकांनी ऐकलं आणि विचारलं, “वाजवी म्हंजे किती?”

मी म्हणालो, ते कंपनी ठरवते.

“किती ठरवलं हाये?”

माझ्याकडे आकडा नव्हता. आयुष्यभर मी लोकांना त्या शब्दावर दाबत आलो आणि तो शब्द किती लांबीचा आहे हे मलाच माहीत नव्हतं. लिंबाखाली पन्नास माणसं माझ्या उत्तराची वाट बघत होती आणि मी कागदाकडे बघत होतो, जसा काही आकडा त्यात कुठेतरी राहून गेला असावा.

मग नायकांनी दुसरा प्रश्न विचारला. “सून म्हणते, तू सांगतलं का वरून प्रॉब्लेम हाये. वरून हाये काय?”

खरं सांगतो, तेव्हाही ते वाक्य जिभेवर आलं होतं. तिथे कुणाला काही सिद्ध करता आलं नसतं. पण समोर पन्नास माणसं होती आणि मागे तीन कुलपं. आपल्या कामाचा माज असलेला माणूस होतो मी, पण कामात खोट सापडल्यावर पायाला पाय लावून पळणारा नव्हतो.

“नाही,” मी म्हणालो. “वरून नाही. मीच दाबलं होतं.”

सुनीता बायांच्या घोळक्यात उभी होती. तिनं तिथूनच विचारलं, “सोमवारी मी आलती, तवा?”

“तवाबी मीच.”

“तवा काढता आलं असतं?”

“एका मिनिटात.”

बुधवारी काय झालं ते दुसऱ्या एका बाईनं सांगितलं. नऊ जणी न्हाऊन-धुऊन, आपापली फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी, घालून बसल्या. पडद्यावर पुण्याच्या मॅडमना नुसते चौकोन दिसत होते. मॅडमनी तीनदा विचारलं, जवळ घ्या, टाका दाखवा. जेवढं जवळ घेतलं तेवढं चित्र फाटत गेलं. शेवटी मॅडम म्हणाल्या की तुम्ही मुद्दाम धूसर करताय का, काम मशीनचं आहे का. आणि त्यांनी फोन ठेवला. त्या नऊ जणींत सगळ्यात बारीक हात होता धानीबाईचा. ती उठली, सुई पिनकुशनला टोचली आणि घरी जाऊन गाठोडं बांधायला लागली. खोटारडी म्हणवून घेऊन इथं बसण्यापेक्षा ऊस बरा, असं ती म्हणाली. शनिवारच्या गाडीत ती नवऱ्यासोबत गेली. आणखी दोघी गेल्या. मधली एक कुलूपबंद झोपडी तिची होती.

मी तिथेच लॅपटॉप उघडला आणि दोनचं पन्नास केलं. सेव्ह म्हणताक्षणी सगळ्या नसाबेत मोबाईल वाजायला लागले. कुणाच्या कंबरेला, कुणाच्या झग्याच्या खिशात, कुणाच्या पिशवीत. तीन आठवड्यांचे अडकलेले निरोप, फोटो, लेकरांचे आवाज, सगळं एकदम आलं. नसाब दोन मिनिटं थांबली. लोक आपापले निरोप बघत होते आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. त्या दोन मिनिटांत मला जेवढी लाज वाटली तेवढी आधी कधी वाटली नव्हती.

दंड झाला. नायकांनी सांगितलं की त्या पुण्याच्या बाईला इथूनच, सगळ्यांसमोर, आवाज मोठा करून फोन लाव आणि तुझ्या तोंडानं सांग. सुनीतानं नंबर दिला, मी नेटवरूनच लावला. मी अमुक कंपनीचा माणूस, त्या दिवशीचं चित्र माझ्यामुळे फाटलं, या बायांचा त्यात काही दोष नाही, मी यांना विनाकारण दाबलं होतं. मॅडम आधी रागावल्या, मग मंगळवारी पुन्हा बघते, म्हणाल्या.

मला वाटलं सुटलो. पण सुनीता पुढे आली. ती म्हणाली, “भाऊ, आमी तुमाले बलावलं म्हणून तुमी आले. ज्याइच्यापाशी नसाब नाही त्याइचं काय?”

नायकांनी मान हलवली आणि दुसरा दंड सांगितला. वाजवी म्हणजे किती ते आकड्यात लिहून ऑफिसच्या दारावर लाव आणि ज्यांना दाबलं आहेस त्यांना स्वतः सांग.

मंगळवारी मी सकाळपासून पॅनलसमोर बसलो. बाकी सगळ्यांचं काहीही होवो, तांड्याची तार मी नजरेआड केली नाही. सुनीतानं मलाही त्या कॉलमध्ये घेतलं होतं. दुपारी तिनं मोबाईल एवढा जवळ नेला की मला ऑफिसात बसून दोरा सुईत शिरताना दिसला. मॅडमनी काम दिलं. सहा बाया घरी राहिल्या.

नियम लिहायला मला दोन दिवस लागले. एवढा वापर झाला की स्पीड इतका होईल, महिन्याच्या पहिल्या तारखेला पुन्हा पूर्ववत. दाबायच्या आधी निरोप जाईल. नेट वाटून वापरायचं असेल तर मोठं कनेक्शन घ्या, वाटणं हा गुन्हा नाही. हे नियम सगळ्यांना सारखे. शेवटची ओळ लिहिताना वकीलसाहेबांचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि फार बरं वाटलं.

शेठ यवतमाळहून स्वतः आले. नियम लिहिला म्हणजे आपले हात बांधले, असं म्हणाले. मी म्हणालो, बांधलेलेच बरे. ते कागद फाडणार होते. मी सांगितलं की कागद फाडा, पण मग नाल्यावरच्या बाभळीवर चढणारा माणूसही दुसरा शोधा. शेठ धंद्याचे पक्के. त्यांना दिवसभर राग आला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच कागद बाकीच्या ऑफिसांनाही पाठवला. पुढे तर ठोक मालही वाढवला, कारण आकडा लिहून ठेवल्यावर तो पाळावा लागतो. तोपर्यंत जे ‘पुढच्या महिन्यात’ होतं ते त्या महिन्यातच झालं.

दाबलेल्यांच्या घरी जाणं जास्त अवघड गेलं. काहींनी शिव्या दिल्या. एका दुकानदारानं हसून चहा पाजला आणि दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घेतलं. पोस्टमास्तरांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, म्हणजे मी रोज राउटर बंद-चालू करत होतो, तेव्हा तुम्ही मला बनवत होता? मी हो म्हणालो. ते म्हणाले, माझी नात व्हिडिओ कॉलवर पलीकडून विचारायची, आजोबा, तुम्ही मधेच का थांबता. मला वाटायचं मी म्हातारा झालो, मीच मधे थांबत असेन. या वाक्यानंतर मी जास्त वेळ बसू शकलो नाही.

तरी माझ्या सगळ्या कामात त्या एका कागदाचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे. माझ्या जोडलेल्या तारा तुटतील, खांब पडतील. तो कागद अजून दारावर आहे, आणि तक्रार घेऊन आलेला माणूस आधी त्याच्यासमोर उभा राहून वाचतो.

हिवाळ्यात तांड्यात मोठं कनेक्शन जोडायला गेलो. आता तांड्यानं वर्गणी करून घेतलं होतं. ओसरीवर सहा बाया बसल्या होत्या. सुनीताच्या मोबाईलवर एक बाई पलीकडून बोलत होती आणि त्या तिला एक पट्टी दाखवत होत्या. ती पलीकडून चूक काढत होती. कोपऱ्यातला टाका उलटा गेला म्हणून पुन्हा उसवायला लावत होती. मला पाहून सुनीतानं पडदा माझ्याकडे वळवला आणि गोरबोलीत काहीतरी सांगितलं. धानीबाई होती ती.

मी नमस्कार केला. ती उसाच्या फडात उभी होती, डोक्याला फडकं, बाजूला तोडलेल्या उसाची मोळी. तिनं मला ओळखलं. रागावली नाही. नुसतं विचारलं, “भाऊ, आता साजरी दिसून राह्यली का मी?”

सगळं दिसत होतं. पाचटानं तिची बोटं कापली होती. त्याच बोटांचा टाका त्या बुधवारी पुण्यात दिसायला हवा होता. आता प्रत्येक चीर मोजता येईल इतकं चित्र स्वच्छ होतं.

“हाव बाई,” मी म्हणालो. “दिसून राह्यल्या.”